‘श्वास धरा’ जातीचा दगड

“अरे, येतोयस की नाही? दगड आणतोयस का वरात काढलीयस?” व्हर्ना पेंगिली फाटकातूनच ओरडली.

“घाई करू नकोस बाई! आत काय आहे ठाऊक आहे ना?” मर्व्ह हॉकिंगने गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून उलट ओरडून सांगितलं.

मायका स्ट्रीटवरून त्याची पांढरी होल्डन माणसाच्या चालीने येत होती. मागे पावाची गाडी अडकली होती, आणि पाववाला हॉर्न वाजवून वाजवून शेवटी कंटाळून सिगारेट ओढत बसला होता. मर्व्हच्या शेजारच्या सीटवर एक खोका होता आणि त्याला सीटचा पट्टा नीट बांधलेला होता. मर्व्हने स्वतःला मात्र पट्टा बांधला नव्हता. त्याचा सगळा जीव त्या खोक्यात होता, तेव्हा बरोबरच होतं म्हणा.

व्हर्नाने दोन्ही हात एप्रनच्या खिशात खुपसले आणि मागच्या धुण्याच्या खोलीचं दार खांद्याने ढकलून उघडलं. मर्व्ह खोका घेऊन आत आला, टेबलावर ठेवला, घाम पुसला आणि झाकण काढलं.

“अरे देवा,” व्हर्ना म्हणाली.

तो तुकडा गावात सगळ्यांना माहीत होता. खाली गंजक्या रंगाचं, भाकरीएवढं बूड आणि त्यावर शिशाच्या खनिजाच्या पांढऱ्या सुयांचे झुबके. एकेक सुई केसाएवढी बारीक आणि रेशमासारखी चमकणारी. मर्व्हने तो तरुणपणी खाणीतून शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणला होता आणि तेव्हा आठवडाभर पोटावर टोचल्याचे लाल ठिपके मिरवले होते. आज मात्र त्या झुबक्यांवर आमच्या गावची तांबडी धूळ बसली होती. पांढरं कुठे औषधाला दिसत नव्हतं.

“झालं काय हे?”

“ग्वेन,” मर्व्ह म्हणाला.

“ग्वेनने काय केलं?”

“केक केला.”

ग्वेन म्हणजे मर्व्हची बहीण. त्याची बायको गेल्यापासून तीच त्याचं घर बघत असे. झालं होतं असं, की तुकड्यावर झाकलेला काचेचा घुमट मुळात तिचा, केक झाकायचा. दगड जमवणाऱ्यांच्या क्लबातल्या चहापानाला केक न्यायचा म्हणून तिने तो हक्काने काढून नेला. मर्व्ह त्या वेळी मित्राकडे बिअर पीत होता. तुकडा ठेवलेल्या शेडची खिडकी उघडी होती आणि त्याच दुपारी पश्चिमेकडून धुळीचं वादळ आलं.

“केक तरी चांगला झाला होता का?” व्हर्नाने विचारलं.

“करपला होता!” मर्व्ह कळवळून म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. “शनिवारी प्रदर्शन आहे, व्हर्ना. मी तर पुढच्या आठवड्यात ॲडलेडला लेकीकडे चाललो, कायमचा. हा तुकडा मी गावाला देतोय. हॉलमधल्या मोठ्या कपाटात मधला खण रिकामा ठेवलाय क्लबवाल्यांनी. असा लाल माकडासारखा देऊ का तो? दुसऱ्या कुणाला मी हात लावू देणार नाही. तू नाही म्हणालीस तर घरी नेतो आणि झाकून ठेवतो, बस्स.”

तेव्हा नाही म्हणायची वेळ होती. व्हर्नाने खिशातल्या खिशात मुठी आवळल्या आणि ती म्हणाली, “ठेव. शुक्रवारी संध्याकाळी ये.”

आता या व्हर्नाची गोष्ट सांगायला हवी, कारण बाहेरच्या माणसाला वाटेल की ही कोणी मोठी शास्त्रज्ञ असेल. शास्त्रज्ञ कसली! पावाच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी पोरगी ती. एकोणिसाव्या वर्षी क्लॅरी पेंगिलीशी लग्न झालं. क्लॅरी खाणीत ड्रिल चालवायचा. आमच्याकडे पुरुषांच्या डब्यात जाताना मांस-बटाटा भरलेली पेस्टी जायची आणि येताना दगड यायचा. कंपनीला ते ठाऊक होतं, आणि साहेबांच्याही घरात कपाटं भरलेली असल्यामुळे कोणी ब्र काढत नसे.

लग्नाच्या पहिल्याच महिन्यात क्लॅरीने एक हिरवा दगड आणून ओट्यावर ठेवला आणि तो झोपायला गेला. व्हर्नाने बघितलं तर दगडावर हिरवी मऊ लव. तिला वाटलं, शी, बुरशी आलीय! तिने धुण्याचा सोडा घेतला, ब्रश घेतला आणि दगड असा लख्ख घासून काढला की काही विचारू नका. क्लॅरी उठून आला तेव्हा तिने तो कौतुकाने त्याच्या हातात दिला. ती लव म्हणजे मॅलाकाइट नावाचं तांब्याचं मखमली खनिज होतं आणि ते मिळायला त्याची दोन वर्षं गेली होती. क्लॅरीने तो दगड उलटासुलटा करून बघितला.

“टक्कल पडलं बिचाऱ्याला,” तो म्हणाला, आणि मग इतका हसला की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली.

व्हर्ना मात्र दोन दिवस रडत होती. तिसऱ्या दिवशी तिने क्लबातून खनिजांचं पुस्तक आणलं. त्यात शब्द होते मोठमोठे: द्राक्षगुच्छी, वृक्काकार, सूच्याकार, शाखाकार, पापुद्री, मखमली. ती ते पाठ करत बसली आणि चार दिवसांनी वैतागली. पुस्तक सांगायचं दगड दिसतो कसा. तिला हवं होतं की त्याला धुवायचं कसं, धरायचं कुठे. म्हणून तिने आपल्या जाती आपणच पाडल्या. द्राक्षांच्या घोसासारखे आणि मूत्रपिंडासारखे गोल फुगवट्यांचे दगड म्हणजे ‘बिनधास्त घासा’. पापुद्र्यांचे म्हणजे ‘पाणी नको’, कारण पाणी पापुद्र्यांत शिरलं की ते सुटे होतात. मखमल म्हणजे ‘लांबूनच नमस्कार’. आणि सुया, केस, जाळ्या, हे सगळे ‘श्वास धरा’.

हळूहळू सगळं गावच तसं बोलू लागलं. क्लबाच्या प्रदर्शनात दगडांपुढे ठेवायच्या चिठ्ठ्यांवर पुस्तकी शब्दच लागायचे आणि त्यावरून मारामाऱ्याही व्हायच्या. एका दगडाचे फुगवटे द्राक्षाएवढे म्हणायचे की मूत्रपिंडाएवढे, यावरून दोघा मेहुण्यांची बोलचाल बंद होती. पण चिठ्ठी लिहायच्या आधी दगड जायचा तो व्हर्नाच्या टेबलावर. “कुठल्या जातीचा गं?” माणसं दारातूनच विचारायची. ती एक नजर टाकायची आणि सांगायची. तिने पैसे कधी घेतले नाहीत. कोणी अंडी आणायचं, कोणी लिंबं. मुलं मोठी होऊन गेली, क्लॅरी खाणीतून निवृत्त झाला, पण टेबल कधी रिकामं राहिलं नाही. व्हर्नाला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, माझं बरं चाललंय. आणि ते खरंही होतं.

फक्त या हिवाळ्यापासून तिचे हात थरथरायला लागले होते.

डॉक्टर म्हणाले, वयाची थरथर आहे, जिवाला धोका नाही. जिवाला नसेल हो, पण सुयांना? तिने कोणाला सांगितलं नाही. ‘श्वास धरा’ जातीचं काही आलं की ती म्हणायची, “सध्या वेळ नाही रे,” आणि ‘बिनधास्त घासा’ तेवढे ठेवून घ्यायची. क्लॅरीलाही ती काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला असताना ती कामाला बसली. दक्षिणेच्या खिडकीतून सारखा उजेड येत होता. तिचं हत्यार म्हणजे एमूच्या पिसाचा एकच तंतू, विणायच्या सुईच्या टोकाला डिंकाने चिकटवलेला. जोडीला हवा मारायचा रबरी फुगा. आधी कोपर टेबलावर टेकवलं. मग डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. तंतू पहिल्या झुबक्याजवळ नेला, धूळ जराशी हलली, खालून पांढरं चमकलं आणि तिला वाटलं, जमतंय की!

टिक्.

एवढासा आवाज झाला. नखाएवढं सुईचं टोक टेबलावर पडलं.

व्हर्नाने पिसाचा तंतू खाली ठेवला, खुर्ची मागे सरकवली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली. दगड मर्व्हचा, तोही गावाला द्यायचा. पण खरं सांगायचं तर तिला भीती वाटली ती दगडाची नव्हे. हे हात गेले तर आपण कोण? पावाच्या दुकानातली पोरगी? दारातून कोणी हाकच मारली नाही तर सकाळी उठायचं कशासाठी? तिला इतकं रडू आलं की तिने एप्रन तोंडावर धरला.

दारात क्लॅरी चहा घेऊन उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

क्लॅरी ड्रिलच्या आवाजाने ठार बहिरा झालेला. कानातलं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तो ते खिशात ठेवून हिंडायचा. त्याने कप तिच्यापुढे ठेवला. कप अर्धाच भरलेला होता. तिने कपाकडे बघितलं आणि तिच्या एकदम लक्षात आलं, की गेले कित्येक दिवस तो अर्धाच कप देतोय आणि मागाहून दुसरा अर्धा आणून देतोय.

“तुला ठाऊक होतं?” तिने मोठ्याने विचारलं.

“काय?”

“ठाऊक होतं का म्हणून विचारतेय!”

“बहिरा आहे, आंधळा नाही,” क्लॅरी म्हणाला. “ते पीस दे इकडे.”

“तुला? तुझी बोटं बघ! गाजरं नुसती!”

“याच गाजरांनी तीस वर्षं सुरुंगाच्या टोप्या बसवल्यायत बये. माझा हात एकदा जरी हलला असता ना, तर तू केव्हाच दुसरं लग्न केलं असतंस.”

“केलंच असतं!” व्हर्ना डोळे पुसत म्हणाली. “आणि ऐकू येणाऱ्याशी केलं असतं.”

तो बसला. त्याने पीस धरलं. आणि खरंच सांगते तुम्हाला, ते जाडजूड बोट इतकं स्थिर राहिलं की पिसाचा तंतूसुद्धा हलला नाही. पण क्लॅरीला सुयांमधलं काही कळत नव्हतं. कुठल्या झुबक्यात खालून शिरायचं, कुठे नुसती हवा द्यायची, कुठे धूळ चिकटलीय आणि कुठे तो दगडाचाच रंग आहे, हे सगळं व्हर्नाला ठाऊक. ती सांगायची, त्याला ऐकू जायचं नाही. तो ओठ वाचायला मान वर करायचा आणि ती किंचाळायची, “वर नको बघूस!” तेही त्याला ऐकू जायचं नाही.

“काय म्हणालीस?”

“वर बघू नकोस म्हटलं, मेल्या!”

“अगं, वर बघितल्याशिवाय मला कळणार कसं, वर बघू नको म्हणतेयस ते?”

शेवटी तंतू एका सुईला भिडणार असं दिसलं तेव्हा तिने घाबरून त्याच्या खांद्यावर एक चापट मारली. क्लॅरी जागच्या जागी थिजला. नुसता हात नाही, सगळा माणूस थिजला. माणसांना खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्याच्या घंटेचा एक ठोका म्हणजे थांब. तो त्याच्या हाडांत मुरलेला होता.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

“एक थांब,” व्हर्ना म्हणाली.

“दोन खाली,” क्लॅरी म्हणाला. तिच्या ओठांवरून त्याला कळलं होतं. “आणि तीन म्हणजे पिंजऱ्यात माणसं आहेत, सावकाश.”

आमच्या गावात हे ठोके पाळण्यातल्या पोरालाही पाठ. व्हर्नाने हात त्याच्या खांद्यावर ठेवला. पण लगेच घोळ झाला. हात थरथरत होता आणि क्लॅरीच्या खांद्याला ठोक्यांमागून ठोके पोचत होते.

“पाच? सहा? काय म्हणायचंय काय तुला?” तो म्हणाला. “आग लागलीय का खाणीला?”

व्हर्नाला हसू आवरेना. हसताना हात आणखी थरथरला. तेव्हा क्लॅरी गुपचूप वाकला, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, मोजे काढले आणि आपला उघडा पाय टेबलाखाली तिच्या पायाजवळ सरकवला.

“पाय थरथरतात का तुझे?”

“नाही.”

“मग ठोक.”

असं ते काम सुरू झालं. ती टाचेने त्याच्या पायावर ठोके द्यायची. एक, थांब. दोन, खाली जा. नुसता पाय घासला की फुगा मार. आणि अवघड झुबका आला की तीन ठोके, सावकाश. बुधवारची सकाळ गेली, गुरुवारची गेली. ते दोघंही सुयांजवळ आले की श्वास धरायचे आणि मग एकदम सोडायचे, आणि सोडून झाला की भांडायचे. क्लॅरीला एकदा शिंक आली. तो खुर्चीवरून उठून, नाक धरून, अंगण ओलांडून थेट रस्त्यावर जाऊन शिंकला. समोरची बाई विचारायला लागली, घरात काही झालंय का म्हणून.

शुक्रवारी दुपारी शेवटचा झुबका झाला. उन्हाची तिरीप आत आली तेव्हा तुकडा असा पांढरा झाला होता की व्हर्नाने क्लॅरीच्या टकलावर ओठ टेकले.

“कोणाला सांगायचं कारण नाही,” क्लॅरी मोजे चढवत म्हणाला. “नाव तुझं, बोटं माझी. दार लावून करू. येऊ देत दगड. कोण विचारतंय?”

व्हर्नाला ते फार बरं वाटलं. आपलं टेबल राहणार, हाका राहणार, कोणाला काही कळायला नको. संध्याकाळी मर्व्ह आला, तुकडा बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो तिचे हात धरायला पुढे झाला, तेव्हा तिने ते घाईघाईने एप्रनच्या खिशात घातले. “ओले आहेत रे,” ती म्हणाली. तुटलेलं टोक तिने काडेपेटीत ठेवलं होतं. ती काडेपेटी खिशात तिच्या बोटांना लागत होती आणि तिच्याने ती बाहेर काढवेना.

शनिवारी हॉल भरला. लांब टेबलांवर हिरव्या कापडावर दगड, प्रत्येकापुढे चिठ्ठी. दोघा मेहुण्यांनी टेबलाची दोन टोकं धरली होती. बायकांनी चीज-गाजराची कोशिंबीर आणि पेस्ट्या मांडल्या होत्या. ग्वेनने नवा केक आणला होता आणि तो उघडाच होता. कोणाच्या बापाने सांगितलं असतं तरी तुकड्यावरचा घुमट ती आता पुन्हा काढून आणणार नव्हती.

मर्व्ह बोलायला उभा राहिला. त्याला भाषण कुठलं येतंय! “मी आता चाललो,” तो म्हणाला. “इथे जन्मलो, इथेच मरायचं होतं, पण लेक ऐकत नाही. ॲडलेडला समुद्र आहे म्हणते. समुद्राचं मी काय करू?” माणसं हसली. “तर हा माझा तुकडा गावाचा झाला. गेल्या आठवड्यात तो गेलाच होता. कुणामुळे ते मी सांगत नाही, ती पलीकडे केक कापतेय. पण व्हर्नाने तो परत आणला. आपल्या गावात असे हात दुसरे नाहीत. तेव्हा तो कपाटात मी ठेवणार नाही. व्हर्ना, ये. तुझ्या हाताने ठेव.”

टाळ्या पडल्या. क्लॅरी दाराजवळ उभा होता. त्याला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं, पण सगळे व्हर्नाकडे बघतायत म्हणून तोही जोरजोरात टाळ्या वाजवत होता आणि लहान पोरासारखा हसत होता.

व्हर्ना टेबलाशी आली. तुकडा समोर होता, कपाट दोन हातांवर. हात बाहेर काढले तर सगळ्यांना दिसणार. तुकडा उचलला तर सुया जाणार. डोकं दुखतंय म्हणावं, चक्कर आली म्हणावं, मर्व्हलाच ठेवायला सांगावं, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. कोणी संशयही घेतला नसता.

तिने दोन्ही हात खिशातून काढले आणि समोर धरले. पहिल्या रांगेतल्या बाईच्या तोंडून “अगं बाई” निघून गेलं.

“या हातांनी नाही मर्व्ह,” ती म्हणाली. “हिवाळ्यापासून हे असे आहेत. मी लपवलं. या हातांनी तुझी एक सुई मोडली, ती या काडेपेटीत आहे. बाकीच्या सगळ्या क्लॅरीने साफ केल्या. आणि आता माझं ते पिंजऱ्यातलं माणूस मला इथवर आणायचंय, तर जरा जागा द्या.”

तिने टाच उचलली आणि लाकडी जमिनीवर तीन ठोके दिले.

हॉलमध्ये निम्मे खाणीतले होते. ठोके ऐकल्याबरोबर ज्याच्या हातात कप होता त्याने तो खाली ठेवला, बोलणारे गप्प झाले, आणि सगळे आपोआप दोन्ही बाजूंना सरले. जमिनीच्या फळ्यांमधून ते ठोके दाराशी क्लॅरीच्या पायांपर्यंत गेले होते. त्याचं हसू थांबलं. त्याने तिच्या समोर धरलेल्या हातांकडे बघितलं आणि आपल्याला काय करायचंय ते त्याला समजलं. तो मधल्या वाटेने चालत आला, हात पँटला पुसले, तुकडा बुडाशी धरून उचलला आणि कपाटात नेऊन ठेवला. व्हर्ना त्याच्या शेजारून चालत होती. त्या दोघांनीच नाही, सगळ्या हॉलने श्वास धरला होता.

मर्व्हने काडेपेटी उघडून बघितली. “एकच?” तो म्हणाला. “मी तर मूठभर जाणार म्हणून धरून चाललो होतो.” आणि त्याने काडेपेटी शर्टाच्या खिशात टाकली. “ही मी नेतो. समुद्राला दाखवीन.”

मग पेस्ट्या झाल्या, केक झाला. तो या खेपेला करपला नव्हता. एक म्हातारा खाणवाला क्लॅरीपाशी आला, कोटाच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं आणि व्हर्नाकडे बघून विचारलं, “कुठल्या जातीचा गं?” तिने वाकून बघितलं. बारीक जाळी होती, धुळीने भरलेली.

“श्वास धरा,” ती म्हणाली. “सोमवारी आण. सकाळी, वारा नसताना. आणि आम्ही दोघं असू, तेव्हा दोघांपुरती लिंबं आण.”

ऊन उतरल्यावर ते घरी निघाले.

“काय बोललीस गं तिथे?” क्लॅरीने विचारलं. “माझ्याकडे का बघत होते सगळे?”

“तुझी पँट मागून फाटलीय म्हणून सांगितलं!”

त्याने रस्त्यातच मागे हात नेऊन चाचपून बघितलं. व्हर्ना हसली. मग त्याने तिचा हात धरला. भर रस्त्यात असा हात त्याने पूर्वी कधी धरला नव्हता. आमच्याकडे पुरुष धरत नाहीत. तिने लाजून इकडेतिकडे बघितलं, पण सोडवून घेतला नाही. तिचा हात त्याच्या हातात थरथरत होता आणि त्याचाही हात त्याबरोबर कोपरापर्यंत हलत होता. क्लॅरीने तो घट्ट दाबून थांबवायचा प्रयत्न केला नाही. तो हलू देत, ती दोघं मायका स्ट्रीटवरून घराकडे चालत राहिली.